पॅलेस्टाईनची निवडणूक: तारखेआधी सहा टपाल कचेऱ्यांचे ठरवा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

12 सप्टेंबर 2025 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईन प्रश्नावरच्या ‘न्यूयॉर्क घोषणापत्रा’वर मतदान झाले. 142 देश बाजूने, 10 विरोधात, 12 तटस्थ. भारत बाजूने होता. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात, पूर्व जेरुसलेमसह, एका वर्षाच्या आत सार्वत्रिक आणि अध्यक्षीय निवडणुका घेण्याच्या वचनाचे त्या घोषणापत्रात स्वागत केलेले आहे. ‘पूर्व जेरुसलेमसह’ एवढे लिहायला शाई फारशी लागत नाही, पण घोडे नेमके तिथेच पेंड खाते. म्हणून हे पत्र.

परकीय सैन्याच्या ताब्यातल्या देशात निवडणूक घ्यायची तर मतदारयादी, मतपत्रिका, पेट्या, कर्मचारी हे सगळे एका हातात असते आणि रस्ते, नाके, परवाने दुसऱ्याच्या हातात. दुसऱ्या हाताने काय करायचे, हे आधी लेखी ठरले नाही तर पहिल्या हाताची तयारी कितीही चोख असून उपयोग नाही. पॅलेस्टाईनमध्ये तीन राष्ट्रीय निवडणुका झाल्या: जानेवारी 1996, जानेवारी 2005 आणि जानेवारी 2006. चौथी 22 मे 2021 रोजी व्हायची होती. उमेदवारांच्या 36 याद्या दाखल झाल्या होत्या, पंचवीस लाखांहून अधिक मतदार नोंदले गेले होते. एप्रिलच्या अखेरीस अध्यक्ष महमूद अब्बास यांनी ती पुढे ढकलली. कारण दिले ते हेच: जेरुसलेममध्ये मतदानाला इस्रायलची परवानगी नाही.

तेव्हा जेरुसलेमपासूनच सुरुवात करू.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातल्या 1995च्या अंतरिम कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात पूर्व जेरुसलेमसाठी एक विलक्षण सोय केली गेली. तिथल्या पॅलेस्टिनींनी शाळेत नाही, तर इस्रायली टपाल कचेरीत जाऊन मत द्यायचे. खिडकीपलीकडे टपाल खात्याचा कर्मचारी. पाकिटात घातलेली मतपत्रिका एका खास पेटीत टाकायची, आणि ती पाकिटे मोजणीसाठी शहराबाहेर न्यायची. म्हणजे इस्रायलला म्हणता यावे की हे परदेशात टपालाने मत पाठवणे आहे, आणि पॅलेस्टिनींना म्हणता यावे की हे आमच्या राजधानीतले मतदान आहे. पेटीची फट कुठे असावी यावरही वाटाघाटी झाल्या. फट वरच्या बाजूला असेल तर ती मतपेटी, समोर असेल तर टपालपेटी! मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून हे ठीक आहे. मतदाराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की जागा थोडी, खिडक्या मोजक्या आणि मतमोजणी डोळ्याआड. वेस्ट बँक आणि गाझात मोजणी मतदान केंद्रातच, प्रतिनिधींसमोर झाली. टपाल कचेरीत तसे होत नाही.

1996मध्ये अशा पाच कचेऱ्या होत्या, 2005 आणि 2006मध्ये सहा. पॅलेस्टिनी केंद्रीय निवडणूक आयोगाचा 2021चा हिशेब सांगतो की या सहा कचेऱ्यांत मिळून सुमारे 6,300 मतदारांचीच सोय होते. उरलेल्या सुमारे दीड लाख जेरुसलेमकरांनी शहराच्या हद्दीबाहेरच्या उपनगरांतल्या केंद्रांवर मत द्यायचे, आणि त्यासाठी इस्रायलच्या परवानगीची गरजच नाही. हा आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. सहा हजार मतांनी सुरक्षेला काय धोका होतो, हे इस्रायलने सांगायला हवे. आणि दीड लाख लोक परवानगीवाचून मत देऊ शकत असताना अख्ख्या देशाची निवडणूक का पुढे ढकलली, हे रामल्लातल्या पॅलेस्टिनी सरकारने सांगायला हवे. त्या वेळी अब्बास यांच्या फतह पक्षातूनच तीन वेगवेगळ्या याद्या निघाल्या होत्या, त्यातली एक तुरुंगातल्या मरवान बरघूती यांच्या पाठिंब्याची. जेरुसलेमचा प्रश्न खरा होताच, पण ढाल म्हणूनही तो सोयीचा पडला, असे आमचे मत आहे.

परवानगी केव्हा मिळते यावरही बरेच अवलंबून असते. 2006मध्ये मतदान 25 जानेवारीला होते आणि इस्रायली मंत्रिमंडळाने टपाल कचेऱ्यांना मंजुरी दिली 15 जानेवारीला. दहा दिवसांत कोणाचे नाव कोणत्या कचेरीत हे ठरवा, लोकांना कळवा, प्रतिनिधींचे परवाने काढा. शिवाय 1996मध्ये कचेऱ्यांबाहेर पोलिसांनी चित्रीकरण केल्याची नोंद निरीक्षकांनी केली होती. मत दिले तर शहरातल्या वास्तव्याचे ओळखपत्र जाईल, ही भीती तिथे जुनी आहे. अशा भीतीपुढे आयोगाच्या जाहिराती फिक्या पडतात.

दुसरा मुद्दा शाईचा. तो क्षुल्लक वाटेल, पण 9 जानेवारी 2005ची अध्यक्षीय निवडणूक आठवा. मतदान चालू असतानाच वेळ दोन तासांनी वाढवली गेली आणि ज्यांचे नाव त्या केंद्राच्या यादीत नाही त्यांनाही ओळखपत्रावर मत देण्याची मुभा दिली गेली. ज्या क्षणी ‘आपले केंद्र’ हे बंधन सुटते, त्या क्षणी दुबार मतदान रोखायला बोटावरच्या शाईशिवाय काहीच उरत नाही. त्यानंतर आयोगाच्या चाळीसहून अधिक अधिकारी-कर्मचाऱ्यांनी दबावाची तक्रार करत राजीनामे दिले. निकाल बहुधा तोच लागला असता. अब्बास यांना 62 टक्क्यांहून अधिक मते होती. पण नियम दुपारी बदलणारी निवडणूक हरणाऱ्याला पटवता येत नाही.

इथे भारताकडे देण्यासारखी वस्तू आहे. म्हैसूर पेंट्सची शाई कित्येक देशांत जाते. 10 मिलिलिटरची कुपी साधारण 700 मतदारांना पुरते. 26 लाख मतदार धरले तर हिशेबाने 3,700 कुप्या. पण प्रत्येक खोलीत किमान दोन लागतात, त्यामुळे दुपटीहून जास्त धरलेल्या बऱ्या. शाईतले सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर बसायला काही सेकंद आणि उजेड लागतो. बोटाला आधीच तेल चोळलेले असेल किंवा लावताक्षणी पुसले तर डाग नीट धरत नाही. म्हणून आपल्याकडे बोट आधी पुसून तपासतात आणि शाई मत देण्यापूर्वी लावतात, म्हणजे मतदार आत जाऊन येईपर्यंत ती वाळते. कुपीबरोबर हा क्रमही शिकवावा लागेल. आणि टपाल कचेरीत ही शाई कोण लावणार, इस्रायली कारकून की आयोगाचा माणूस, हेही करारातच लिहून घ्यावे लागेल. मतदानयंत्रे मात्र कृपा करून देऊ करू नका. जिथे दोन्ही बाजू एकमेकांच्या प्रत्येक पेटीकडे संशयाने बघणार आहेत, तिथे कागद हवा.

गाझाची अडचण वेगळ्या जातीची आहे. तिथे मतदान शाळांमध्ये होत असे आणि मतदार घराजवळच्या शाळेत नोंदलेला असे. आता बहुतेक शाळा एक तर पडल्या आहेत किंवा त्यांत विस्थापित राहत आहेत, आणि ज्यांची नावे यादीत उत्तर गाझात आहेत ते दक्षिणेत तंबूत आहेत. ऑक्टोबर 2025च्या शस्त्रसंधीनंतर ‘पिवळ्या रेषे’पलीकडे निम्म्याहून अधिक पट्टी इस्रायली सैन्याकडे राहिली. जुन्या यादीवर मतदान घेतले तर अर्धे लोक मुकतील. नवी यादी तंबूच्या पत्त्यावर केली तर तंबू हलले की ती बाद. यावर आपल्याकडचा अनुभव थेट लागू पडतो. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष केंद्रे असतात; माणूस छावणीत मत देतो, पण मत मोजले जाते मूळ मतदारसंघात. त्रिपुरातल्या छावण्यांत राहणाऱ्या मिझोरमच्या ब्रू विस्थापितांसाठी 2018मध्ये राज्याच्या हद्दीत, कान्हमुनला केंद्रे उभारली होती. संपूर्ण गाझा हा यादी-पद्धतीने (मत एका उमेदवाराला नाही, पक्षाच्या यादीला) एकच मतदारसंघ धरला तर काम आणखी सोपे होते: मतदार कुठेही असो, मतपत्रिका एकच.

आणि मतपत्रिका एकच असावी याला 2006चे दुसरेही कारण आहे. तेव्हाच्या 132 जागांपैकी 66 राष्ट्रीय याद्यांतून, मतांच्या प्रमाणात. उरलेल्या 66 सोळा जिल्ह्यांतून, जिथे मतदाराला जितक्या जागा तितकी मते. याद्यांमध्ये हमासच्या ‘बदल आणि सुधारणा’ यादीला 44.45 टक्के आणि 29 जागा, फतहला 41.43 टक्के आणि 28 जागा. फरक एका जागेचा. जिल्ह्यांत मात्र हमासला 45, फतहला 17! हेब्रॉनच्या नऊच्या नऊ जागा हमासकडे. कारण साधे आहे. हमासने जितक्या जागा तितकेच उमेदवार दिले आणि मतदारांना सगळी मते त्यांनाच द्यायला सांगितले. फतहचे नाराज लोक अपक्ष उभे राहिले आणि मते फुटली. आपल्या पॅनेल पद्धतीच्या निवडणुका पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. जगाने मात्र 74 विरुद्ध 45 हा एकूण आकडा पाहिला आणि अख्खी जनता एका बाजूला झुकल्याचा निष्कर्ष काढला. पुढे कायदा बदलून सर्व 132 जागा याद्यांकडे दिल्या, किमान मतांची अट दीड टक्क्यावर ठेवली; 2021ची निवडणूक त्याच पद्धतीने व्हायची होती. हा बदल शहाणपणाचा आहे. तो टिकवायला सांगा.

आता जरा नाजूक मुद्दा. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचा राजकीय कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय बांधिलक्या मानणाऱ्यांमध्येच स्पर्धा व्हावी, असे भारताने पाठिंबा दिलेले घोषणापत्र म्हणते. 2006मध्ये अटी निकालानंतर आल्या: 30 जानेवारीला अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या चौकडीने हिंसात्याग, इस्रायलला मान्यता आणि जुन्या करारांचा स्वीकार यांवर मदत अडवली. त्या वर्षीच्या जूनमध्ये इस्रायलने हमासचे मंत्री आणि आमदार डझनावारी उचलले. 132च्या सभागृहात गणपूर्तीला 67 हवेत. तुरुंगातून ती होत नाही. विधिमंडळ लुळे पडले ते पडलेच, आणि 2018च्या डिसेंबरात घटनात्मक न्यायालयाचा दाखला देऊन ते बरखास्तही झाले. 2005मध्ये चार वर्षांसाठी निवडून आलेले अध्यक्ष आजही पदावर आहेत, हे वेगळे सांगायला नको.

अट निकालानंतर लादण्यापेक्षा आधी सांगणे केव्हाही चांगले, इथपर्यंत आम्ही घोषणापत्राशी सहमत आहोत. प्रश्न हा की अट पाळली की नाही हे ठरवणार कोण. आपल्याकडे उमेदवार अर्जासोबत राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ घेतो. निवडणूक निर्णय अधिकारी शपथ झाली की नाही ते बघतो, मनात काय आहे ते बघत नाही. पॅलेस्टाईनमध्येही एका कागदावरची सही, छाननी आयोगाकडे आणि अपील निवडणूक न्यायालयाकडे, एवढेच असावे. छाननीची दोरी अध्यक्षांच्या कार्यालयात किंवा इस्रायली लष्करी प्रशासनात गेली तर उमेदवारांची यादी मतदानाआधीच निकाल सांगेल. एप्रिल 2021मध्ये पूर्व जेरुसलेममध्ये पत्रकार परिषद घ्यायला निघालेल्या उमेदवारांना इस्रायली पोलिसांनी ताब्यात घेतले होते, हेही ध्यानात ठेवावे.

‘भारताने यात का पडावे’ असे कोणी विचारील. भारताने हे पूर्वी केलेले आहे. 1953मध्ये ब्रिटन आणि इजिप्त या दोघांच्या अमलाखालच्या सुदानात पहिली संसदीय निवडणूक घ्यायची होती. सात जणांच्या आयोगात तीन सुदानी आणि ब्रिटन, इजिप्त, अमेरिका, भारत यांचा प्रत्येकी एक. अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. दोन्ही सत्ताधाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून तिसरा माणूस लागला. त्या निवडणुकीतून आलेल्या संसदेनेच पुढे स्वातंत्र्याचा ठराव केला आणि 1 जानेवारी 1956 रोजी सुदान स्वतंत्र झाला.

आज तेल अवीव आणि रामल्ला दोन्हीकडे ज्यांचा फोन उचलला जातो असे देश फार नाहीत. रामल्लात आपले प्रतिनिधी कार्यालय आहे, आणि इस्रायलशी असलेली जवळीक सरकार लपवत नाही. म्हणून आमची मागणी मोजकी आहे. शाई, छावणीतल्या मतदानाचे प्रशिक्षण आणि निरीक्षक देण्याची तयारी पॅलेस्टिनी आयोगाला आजच कळवावी. आणि इस्रायल सरकारला एकच लेखी प्रश्न विचारावा: पूर्व जेरुसलेममधल्या किती टपाल कचेऱ्या, कोणत्या वेळेत, किती मतदारांसाठी उघडणार, आणि तिथे प्रचार करणाऱ्या उमेदवाराला अटक होणार की नाही? उत्तर मतदानाच्या किमान 120 दिवस आधी यावे. ते ‘नाही’ असे आले तरी चालेल, फक्त कागदावर असावे. मग आयोगाला उपनगरांतली केंद्रे वाढवायला, त्या सहा हजारांची नावे तिकडे वळवायला आणि नाक्यांवरून बसची सोय करायला चार महिने मिळतील, आणि रामल्लालाही ऐन वेळी जेरुसलेमकडे बोट दाखवून तारीख पुढे ढकलता येणार नाही.

कळावे,

आपले,
निवडणूक प्रक्रियेचा अभ्यास करणारे काही मराठी नागरिक