युरोपचा प्रवास सीमाभागातून आखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नुकताच युरोपच्या सहलींविषयी मजकूर आला होता. बारा दिवसांत सात-आठ देश दाखवणाऱ्या सहलींवर त्यात भर होता. माझी थोरली बहीण आणि मेहुणे दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीला जाऊन आले. दोघांनी आयुष्यभराची शिल्लक त्यात घातली, पण दिवसातले सहा-सहा तास बसमध्ये गेले आणि एकाही गावात निवांत संध्याकाळ मिळाली नाही, याचे त्यांना आजही वाईट वाटते. म्हणून मी आणि माझी पत्नी पुढच्या मे महिन्यासाठी चोवीस रात्रींचा प्रवास स्वतः आखत आहोत. त्यासाठी गेले आठ महिने जी माहिती जमवली, तिच्या आधारे खानापूर, निपाणी, बेळगावच्या वाचकांना मला आग्रहाने एक सांगायचे आहे. आपण सीमाभागातली माणसे आहोत, तेव्हा युरोपही आपण तिथल्या सीमाभागातून पाहावा.

आमचा मार्ग ॲमस्टरडॅमला सुरू होतो आणि इटलीतल्या व्हेरोनाला संपतो. पहिला मुक्काम नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या हद्दीवरच्या बार्ले या गावाजवळ आहे. या गावात बेल्जियमचे बावीस तुकडे नेदरलँड्सच्या भूमीत विखुरलेले आहेत. हद्द काही घरांच्या मधून जाते आणि घराचे मुख्य दार ज्या देशात उघडते, त्या देशाचा पत्ता त्या घराला मिळतो. तिथून मास्ट्रिक्टमार्गे जर्मनीतल्या आखेनला जायचे आणि बसने फाल्सच्या टेकडीवर चढायचे. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी हे तीन देश तिथे एका बिंदूला मिळतात.

युपेनला मात्र आम्ही मुद्दाम तीन रात्री ठेवल्या आहेत. हे गाव आणि भोवतालचा भाग पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, जर्मनीकडून बेल्जियमकडे गेला. देश बदलला, तरी लोकांची भाषा जर्मनच राहिली. आज जर्मन ही बेल्जियमच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि सुमारे ऐंशी हजार वस्तीच्या त्या भाषिक समाजाची स्वतःची विधानसभा युपेनमध्ये भरते. युपेनहून ब्रसेल्समार्गे ऑस्टेंडपर्यंत थेट गाडी धावते आणि गाडी ज्या प्रदेशातून जाते, त्या प्रदेशाच्या भाषेत डब्यात उद्घोषणा होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत आमचा मराठी भाग आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून ज्या घरांत मराठी आणि सरकारी कागद यांचा मेळ घालण्याची धडपड चालू आहे, अशा घरातला माणूस ती उद्घोषणा इतर प्रवाशांपेक्षा वेगळ्या कानांनी ऐकेल, असे मला मनापासून वाटते.

पुढे लक्झेंबर्ग आहे. तिथे २९ फेब्रुवारी २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांसाठी मोफत आहे. त्याच बसने मोझेल नदीकाठच्या शेंगेन या खेड्यात जाता येते. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसांतली तपासणी उठवण्याचा करार तिथेच, नदीतल्या एका बोटीवर केला. आज त्या व्यवस्थेत एकोणतीस देश आहेत. नंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला उतरून ट्रामने ऱ्हाइन ओलांडायची आणि जर्मनीतल्या केलला चहा घेऊन परत यायचे. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या काळात ताटकळलेल्या, आणि आंदोलनाच्या दिवसांत कोल्हापूरची बस अचानक बंद झाल्यामुळे माहेरी पोचू न शकलेल्या आमच्या घरातल्या बायकांना या ट्रामचे अप्रूप सर्वांत जास्त आहे.

शेवटचे सहा दिवस दक्षिण टिरोलचे. हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. १९१९ च्या तहानंतर तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली गेली. पुढे दीर्घ वाटाघाटी झाल्या आणि १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने भाषेचे हक्क पक्के केले. आज बोल्झानोच्या स्थानकावर बोट्सेन हे जर्मन नावही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे.

आता या देशांच्या सामाईक व्हिसाविषयी, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. विमान जिथे उतरते, त्या देशाकडे अर्ज करायचा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज करावा, आणि मुक्काम समान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरावा. म्हणून आधी रात्रींचा तक्ता करावा. आमच्या तक्त्यात नेदरलँड्स ३, बेल्जियम ३, लक्झेंबर्ग २, फ्रान्स ३, जर्मनी ४, ऑस्ट्रिया ३ आणि इटली ६ अशी वाटणी आहे. म्हणजे उतरायचे ॲमस्टरडॅमला असले, तरी अर्ज इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पुणे जवळ आहे म्हणून तिथे जाण्याआधी, आपला पत्ता कर्नाटकातला असताना अर्ज कोणत्या शहरात घेतला जाईल, हे त्या वकिलातीकडे पाहून घ्यावे, कारण काही वकिलाती राज्यानुसार हद्द ठरवतात. परत न होणारी तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत.

रेल्वेच्या बाबतीत आपल्याकडे युरेल पासचेच, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या एकाच पासचे, नाव सगळे घेतात. पास सोयीचा आहे आणि साठ वर्षांवरील प्रवाशांना त्यात सवलतही आहे, पण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. आमच्यासारखी छोटी-छोटी अंतरे असतील आणि एक देश पूर्ण मोफत असेल, तर सुटी तिकिटे काढून हिशेब मांडावा. तो आम्ही वहीत मांडला आणि आम्हाला पास महाग पडतो असे दिसले. गाडी बदलायला निदान अर्धा तास ठेवावा, कारण तिथे हमाल मिळत नाही आणि अनेक लहान स्थानकांवर जिन्यानेच चढ-उतार करावी लागते.

मोटार आम्ही फक्त ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून तीन दिवसांसाठी घेणार आहोत आणि ती इन्सब्रुकलाच परत करणार आहोत, कारण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की मोठी रक्कम आकारली जाते. परदेशात वाहन चालवण्याचा परवाना येथील आरटीओ कार्यालयात मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी ठरावीक मुदतीचा पथकर आधी भरावा लागतो. ब्रेनर घाटाचा महामार्ग त्यात येत नाही, त्याचा कर निराळा द्यावा लागतो. इटलीच्या जुन्या शहरांतल्या मध्यवस्तीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि चुकून शिरल्यास दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, तेव्हा गाडी शहराबाहेर ठेवणेच बरे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय नसणाऱ्यांनी पहिला तास मोकळ्या रस्त्यावर घालवावा. पासपोर्ट मात्र सदैव खिशात असू द्यावा, कारण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती आणि अशी तपासणी केव्हाही भेटू शकते.

ही सारी माहिती मला इंग्रजीतून, मुलाच्या मदतीने, शब्द-शब्द लावून गोळा करावी लागली. आमच्या भागात पासपोर्ट काढणारे, सेवानिवृत्तीनंतर प्रवासाची इच्छा धरणारे आणि मराठीतूनच विचार करणारे लोक पुष्कळ आहेत. आपल्या दैनिकाने अशा प्रवासाच्या आखणीवर, व्हिसापासून पथकरापर्यंत, मराठीत एक लेखमाला द्यावी आणि स्वतः आखणी करून जाऊन आलेल्या सीमाभागातल्या वाचकांकडून तिच्यासाठी टिपणे मागवावीत, ही विनंती. आमची रात्रींची वही आणि खर्चाचा तपशील मी जूनमध्ये परतल्यावर आपल्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव