चावणाऱ्या मुलाच्या हाती आधी कार्ड द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की थोड्याच दिवसांत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना फोन जायला लागतात : ‘चावतोय, वह्या फाडतोय, घेऊन जा.’ आई विड्या वळायचं सूप बाजूला सारून नाहीतर यंत्रमागावरची पाळी टाकून धावते. शाळेच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. मुलाला मात्र धडा मिळालेला असतो. लिहिणं नको होतं, चावलं, लिहिणं थांबलं. उद्या ते पुन्हा चावेल, आणि त्याला ‘हट्टी’ म्हणून काहीही बदलणार नाही.

अमेरिकेतले संशोधक एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५ मध्ये याच मुद्द्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अवघड कामाने चिडणाऱ्या मुलांना मदत मागायला आणि लक्ष हवं असणाऱ्यांना शाबासकी मागायला शिकवल्यावर त्रासदायक वर्तन घटलं. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा घटलं नाही. सगळी मेख इथेच आहे. लक्ष वेधण्यासाठी मारणाऱ्या मुलाला ‘सुट्टी’चं कार्ड (बोलण्याऐवजी हातात देऊन ‘थोडं थांबू या’ सांगायचं चित्र) देऊन उपयोग नाही.

म्हणून आधी आठवडाभर वहीत चार रकाने भरावेत : वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि उत्तर नेमकं तिथे असतं. वर्तन अचानक सुरू झालं असेल तर कान, दात, बद्धकोष्ठता आणि झोप आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखणाऱ्या दाढेवर कार्डाचा इलाज नाही.

काम टाळणं हेच कारण निघालं, तर एकच कार्ड पुरे. पुठ्ठ्यावर साधारण दोन इंची चौकोन, त्यावर थांबवणाऱ्या हाताचं चित्र, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन. ते मुलाच्या बाकावर वेल्क्रोने चिकटवा. शिक्षकांच्या कपाटात ठेवलेलं कार्ड म्हणजे नसलेलं कार्ड. शिकवताना सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर बसून काम देतो. दुसरा मागे बसतो आणि मूल चिडण्याआधीच, कान झाकणं किंवा गुणगुणणं सुरू होताच, त्याचा हात हळूच धरून कार्ड समोरच्याला द्यायला लावतो. मागच्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही. ‘काय म्हणायचं?’ असं विचारत राहिलं तर मूल त्या प्रश्नाचीच वाट पाहायला शिकतं. कार्ड हातात पडताच समोरच्याने ‘थांबू या’ म्हणून काम लगेच बाजूला घ्यावं. एक-दोन मिनिटांची विश्रांती, मग तेच काम थोडं कमी करून पुन्हा समोर. मागच्याचा हात मनगटावरून कोपरावर, कोपरावरून नुसत्या स्पर्शावर आणि शेवटी पूर्ण दूर.

बिघडतं ते तीन ठिकाणी. चावून झाल्यावर कार्ड पुढे केलं, तर मूल ‘चाव, कार्ड दे, सुट्टी घे’ अशी साखळी शिकतं. तेव्हा इजा होऊ न देता अडवावं, काही क्षण शांततेचे जाऊ द्यावेत आणि मगच कार्डाकडे हात न्यावा. दुसरं, मूल तासात वीस वेळा कार्ड देतं आणि शिक्षक वैतागून ‘आता बास’ म्हणतात. खरं तर हा आनंदाचा क्षण आहे. कार्ड नाकारलं, तर दातांचा मार्ग अजून खुला आहेच! सुरुवातीचे काही आठवडे दर वेळी मान ठेवा. त्यानंतर ‘एक गणित, मग सुट्टी’ असं सांगून आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा असं थांबायला शिकवा. चावणं परत आलं तर एक पायरी खाली या. तिसरं, जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल अनेकदा आधी ती जास्त जोराने वापरून पाहतं. ‘हे काही जमत नाही’ म्हणून पालक याच टप्प्यावर हात टेकतात. मात्र डोकं आपटण्यासारखी इजा होत असेल, तर प्रयोग घरी करू नका, तज्ज्ञ सोबत हवा.

कार्डामुळे बोलणं मागे पडेल ही भीती सर्रास दिसते. तिला आधार नाही. चित्रांच्या आधाराने बोलणं अडत नाही. आपल्या सोलापुरात तर चित्राचा आणखी एक फायदा आहे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलणारी आजी ‘वद्दु’ म्हणते, कन्नड शेजारीण ‘बेड’, बाई ‘नको’. हाताचं चित्र तिघींनाही कळतं. त्यासोबत म्हणायचा शब्द घरचाच ठेवा आणि तो शाळेला कळवा, म्हणजे मूल दोन्हीकडे तेच वापरेल. वर्गात जमलेलं रिक्षात, मामाच्या घरी आपोआप जमत नाही, तिथेही सराव लागतो. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत न्यायचं असेल, तर ‘बाहेर’चं कार्ड डिसेंबरपासून लहान बाजारात वापरून पाहावं. पहिल्यांदा पाळण्यांजवळच्या गोंगाटात काढलेलं कार्ड मुलाला आठवणारही नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी आवश्यक त्या सोयी देणं त्यात अपेक्षित आहे. बाकावरचं कार्ड ही त्यातली बहुधा सर्वांत स्वस्त सोय असेल. मुख्याध्यापकांनी निदान एवढं करावं : ‘घेऊन जा’चा फोन लावण्याआधी वहीतले चार रकाने पाहावेत, आणि मुलाला न्यावंच लागलं तर ते शांत असताना न्यावं.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका, सोलापूर