रोहित पाहायचे तर भरतीची वेळही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

थंडी पडली की ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो येऊ लागतात. सोबत 'कुठे पाहाल' अशी चौकट असते. तीत पत्ता असतो, जवळचे स्टेशन असते, फक्त भरतीची वेळ नसते. मग रविवारी सकाळी आठला लोक मुलाबाळांना घेऊन नेरुळच्या तळ्याकाठी येतात, तळे रिकामे दिसते आणि 'आता इथे पक्षी येत नाहीत' असे म्हणत परत जातात. पक्षी त्या वेळी पलीकडे खाडीच्या चिखलात चरत असतात.

रोहित ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर चोच उलटी धरून बारीक शेवाळ गाळून खातो. भरतीने चिखल बुडाला की थवे उठतात आणि नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांत, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत विसाव्याला येतात. पाणी उतरले की पुन्हा खाडीत. त्यामुळे भरतीच्या आधी दीड तास ते नंतर एक तास तळ्यावर थांबावे. त्याच्याही आधीचे दोन तास खाडीकाठासाठी उत्तम, कारण चढते पाणी पक्ष्यांना चिखलावरून काठाकडे ढकलत आणते. शेकाट्या, तुतारी, चित्रबलाक तेव्हाच नीट दिसतात. पूर्ण ओहोटीत ते इतके लांब असतात की दुर्बिणीतूनही नुसते ठिपके.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते, खाडीत आत जावे तसा थोडा उशीरही होतो, पण सकाळ ठरवायला एवढे पुरते. वेळेइतकीच भरतीची उंची महत्त्वाची. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती असते. तेव्हा चिखल पुरता बुडत नाही आणि पक्ष्यांना तळ्यावर यायची गरजच पडत नाही. वेळ अचूक साधूनही तळे रिकामे दिसते ते बहुधा याच दिवसांत. उधाणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावस्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस, सर्वांत भरवशाचे.

उधाणाच्या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. भरती दुपारच्या सुमारास येत असल्याने पहाट मोकळी राहते, ती ठाण्याच्या डोंगरातल्या येऊरच्या जंगलाला द्यावी. जंगलातले पक्षी उजाडल्यावर पहिले दोन तास बोलके असतात. ऊन चढले की गप्प. तिथे वणवण करण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पांगाऱ्याखाली किंवा काटेसावरीखाली वीस मिनिटे उभे राहावे. हळद्या, कोतवाल, भृंगराज, शिंजीर आपणहून येतात. साडेआठला खाली उतरून साडेनऊपर्यंत खाडीकाठ गाठता येतो. आमच्या मते ठाणेकरासाठी याहून भरलेली सकाळ नाही.

उजेडाची दिशाही लक्षात घ्यावी. ऐरोली, वाशी, नेरुळ हा खाडीचा पूर्व काठ आहे. सकाळी ऊन पाठीमागून येते आणि रंग खुलतात. संध्याकाळी त्याच जागी सूर्य समोर असतो, पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृती दिसतात. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपटीची घ्यावी. दहापटीची हातात थरथरते. आपल्याकडे बहुसंख्य पक्षी 'धाकटा रोहित' या जातीचे असतात: चोच गडद लालसर काळी, अंग अधिक गुलाबी. दुसरी जात थोरल्या रोहिताची: तो उंच आणि पांढरट, त्याची चोच गुलाबी व फक्त टोक काळे. करड्या रंगाचे दिसतात ते आजारी नसून यंदाची किंवा गेल्या वर्षीची पिल्ले असतात. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवावे, मग तशा दहा जागा म्हणजे शंभर, असे पुढे जावे.

किती जवळ जायचे हे पक्षीच सांगतात. माना खाली, तोवर सगळे ठीक. चार-सहा माना एकदम उंच झाल्या की जागच्या जागी थांबावे. सगळा थवा एका दिशेने चालू लागला की मागे सरावे. त्यापुढे ते पाण्यावरून धावत उठतात. रोहिताला उभ्या जागेवरून भुर्रकन उडता येत नाही, प्रत्येक उड्डाणाआधी धाव घ्यावी लागते. कच्छच्या रणात वीण करायला जाण्यापूर्वी अंगावर चढवलेली चरबी अशा धावांत खर्ची पडते. फोटोत पंखांखालचा लाल रंग यावा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे, ड्रोन उडवणारे दर रविवारी दिसतात. हे थांबलेच पाहिजे. बांध सोडून चिखलात उतरू नये. तिवराची श्वसनमुळे पायाखाली मोडतात आणि माणूस गुडघाभर रुततो.

या तळ्यांचा जीव खाडीशी जोडणाऱ्या नाल्यांत आणि रस्त्याखालच्या पाइपांत आहे. ते गाळाने किंवा भरावाने बुजले की पाण्याची ये-जा थांबते, वर शेवाळाचा थर धरतो नाहीतर तळे आटते, आणि पक्षी दिव्यांच्या रस्त्यांकडे भरकटतात. २०२४ च्या हंगामात नेरुळला रोहित दगावले, ते कोणी विसरलेले नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तरी पक्ष्यांचा दिवस अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या या तळ्यांवाचून पुरा होत नाही. भर भरतीच्या वेळी पाइपाच्या तोंडाशी उभे राहून पाणी आत येते की नाही एवढे पाहिले तरी दोष कुठे आहे ते कळते. ज्यांच्याकडे ही देखभाल आहे, त्यांनी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरातच हे पाहावे.

आपल्याकडे मागणी एवढीच: नोव्हेंबर ते मे रोज सूर्योदयाच्या वेळेशेजारी दिवसा येणाऱ्या भरतीची वेळ आणि मीटरमधली उंची छापावी. भारतीय सर्वेक्षण विभागाची मुंबईची भरती-कोष्टके दरवर्षी आधीच प्रसिद्ध होतात, त्यामुळे वेगळी मेहनत नाही. उंची चार मीटरच्या वर असली तर वाचक तळ्यावर जाईल, बरीच कमी असली तर खाडीकाठी.

आपले,
पक्षीनिरीक्षक वाचक, नेरुळ