टॅग बांधण्याआधी पॉवर बँक काढून घ्या

महोदय,

खाली जाणाऱ्या सामानात पॉवर बँक ठेवायची नाही, हे आता बहुतेक विमानप्रवाशांना ठाऊक आहे. चेक-इन काउंटरवर तसे विचारतातही. (प्रश्न ‘बॅगेत बॅटरी आहे का?’ असा असला की पॉवर बँकवाला बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो. त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे पेन्सिल सेल!) पण नियम खरा मोडतो तो विमानाच्या दाराशी. विमान भरलेले असले की शेवटी येणाऱ्यांच्या ट्रॉली बॅगांना टॅग बांधून त्या खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या बंद भागात, पाठवतात. एटीआर-७२ सारख्या छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे अरुंद, त्यामुळे तिथे शिडीपाशीच बॅगा काढून घेतात. सोबत न्यायची म्हणून प्रवाशाने पॉवर बँक नेमकी त्याच बॅगेत ठेवलेली असते. सुरक्षा तपासणीत रीतसर पास झालेली वस्तू अशी थोड्याच वेळात मनाई असलेल्या जागी जाऊन पडते. अशा वेळी सुट्या बॅटऱ्या (पॉवर बँकही त्यांतलीच) काढून प्रवाशाजवळच ठेवाव्यात, असे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतात. पण घाईत विचारायचे कोणी?

मनाईचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पॉवर बँकेतल्या लिथियम सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. सेल दबला, फुगला किंवा मुळातच हलक्या प्रतीचा असला तर पडदा फाटतो आणि आत शॉर्ट सर्किट होते. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि ही साखळी बाहेरून तोडणे अवघड. होल्डमध्ये आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. त्यात त्याच बॅगेत डिओडरंटचा डबा असेल तर? अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने असे प्रयोग केले आणि २०१७ मध्ये इशारा दिला की तापलेल्या बॅटरीशेजारी एरोसोलचा डबा फुटला, तर हॅलॉन पुरे पडेलच असे नाही. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो आणि माणसांचे हात पोहोचतात. कर्मचारी आधी ज्वाळा विझवतात, मग भरपूर पाणी ओतून सेल थंड करतात. बर्फ मात्र लावायचा नसतो, कारण त्याच्या थराखाली उष्णता कोंडते.

पण हात पोहोचायला वस्तू समोर हवी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उभ्या विमानात आग लागली, ती डोक्यावरच्या कप्प्यात. विमान जळाले, आतले सगळे १७६ जण सुदैवाने बाहेर पडले. तपासात संशय पॉवर बँकेवर आला आणि त्या देशाने मार्चपासून ती कप्प्यात ठेवायला बंदी केली. आपल्याकडे डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेनेही आता पॉवर बँक कप्प्यात ठेवू नये, विमानात तिच्यावर चार्जिंग करू नये, असे बजावले आहे.

क्षमतेचा हिशेबही पुष्कळांचा चुकतो. मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेच्या मापात आहे; पॉवर बँकेवर ठळक छापलेल्या एमएएचमध्ये (मिलीअँपिअर-अवर) नाही. एमएएचला सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.७ ने गुणावे आणि हजाराने भागावे. १०,००० एमएएचचे ३७ वॉट-अवर, २०,००० चे ७४, तर २७,००० चे ९९.९. तिथवर चालते. ३०,००० एमएएच म्हणजे १११. शंभराच्या वर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, तीही जास्तीत जास्त दोन नगांना. त्यापुढे बंदच. काहीजण यूएसबीच्या ५ व्होल्टने गुणतात आणि २०,००० ची पॉवर बँक उगाच शंभरावर नेऊन बसवतात. अक्षरे पुसली गेली असतील तर तपासणीला वाद घालून उपयोग नाही. आकडा दिसत नसला तर जवानाने मानायचे काय?

आसनाच्या फटीत फोन पडला तर आसन मागे-पुढे करू नये, कर्मचाऱ्याला बोलवावे. सरकत्या यंत्रणेत फोन चिरडला की त्यातल्या लिथियम सेलमध्ये वरचीच साखळी सुरू होते.

करायला हवे ते फार खर्चिक नाही. दाराशी टॅग बांधणाऱ्याने प्रत्येकाला मराठीत किंवा हिंदीत एकच वाक्य विचारावे : ‘पॉवर बँक, सुटी बॅटरी आत आहे का? काढून हातात घ्या.’ हीच ओळ टॅगवर मोठ्या अक्षरांत छापावी. काढलेल्या वस्तू ठेवायला गेटवर कापडी किंवा कागदी पिशव्यांचा गठ्ठा असावा, नाहीतर दोन हातांत चार वस्तू सांभाळायच्या म्हणून लोक त्या पुन्हा बॅगेत कोंबतात. आणि ही घोषणा बोर्डिंग सुरू होण्याआधी, प्रवासी खुर्च्यांवर बसलेले असतानाच व्हावी. शिडीवर रांग लागल्यावर बॅग उघडायला कोणी तयार होत नाही.

– विमान वाहतूक सुरक्षेशी संबंधित एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई