ज्यांची रेकॉर्ड निघाली नाही, त्यांच्याविषयी

॥ श्री ॥

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
दि. १२ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप जिभाऊ यांना शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. कानबाईचे रोट नीट पार पडले आणि काकूंच्या गुडघ्यांनी या वर्षी फारसा त्रास दिला नाही, हे धाकट्याकडून कळले, बरे वाटले. त्याच फोनवर तो म्हणाला की दिवाळीनंतर अमळनेरचे जुने घर उतरवायचे ठरले आहे, माळा रिकामा करायला घेतला आहे, आणि तुमच्या बॅण्डच्या कॅसेटी, सुपाऱ्यांच्या वह्या व जुन्या हँडबिलांचा गठ्ठा भंगारात द्यावा असे तुम्हीच सुचवले आहे. मी त्याला तूर्त थांबायला सांगितले आहे. तुमच्या शब्दाआड येण्याची माझी प्राज्ञा नाही. पण मी ज्या वस्तीत राहतो, तिथे अशाच कागदांचे आणि कॅसेटींचे पुढे काय झाले हे आपण ऐकावे आणि मग ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

धाकटा डीजेच्या गाडीवर जी यंत्रे चालवतो, त्यांवर हात चालवण्याची विद्या याच ब्रॉन्क्समध्ये जन्मली, आणि तिच्यातूनच पुढे हिप-हॉप म्हणतात ते संगीत आले. काल ११ ऑगस्ट होता. १९७३ साली याच तारखेला सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या सामाईक खोलीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत, एवढाच तिचा हेतू होता. आमंत्रणे तिने हाताने लिहिली; मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असा दर ठेवला; आणि गाणी वाजवायला आपल्या थोरल्या भावाला, क्लाइव्हला, बसवले. हा क्लाइव्ह म्हणजेच डीजे कूल हर्क. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. जमैकातल्या किंग्स्टनमधून तो लहानपणी इथे आला होता आणि उघड्यावर मोठमोठे स्पीकर रचून नाचगाणे करण्याची तिकडची रीत त्याने पाहिलेली होती.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. नाचणारी मुले पूर्ण गाण्यावर तितकी खुलत नसत. गायन थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्याची ती वाट पाहत असत. आपल्या वरातीत कडवे संपून ढोल-ताशा मोकळा सुटला की पोरे कशी अंगात आल्यासारखी नाचतात, तसाच तो प्रकार. पण रेकॉर्डवर हा तुकडा काही सेकंदांचाच असे. म्हणून हर्क एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावी आणि एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू करी. त्याचा सोबती कोक ला रॉक माइकवरून जमलेल्या मित्रांची नावे पुकारत असे, त्यांना उद्देशून चार शब्द जोडत असे. यात्रेत बक्षीस देणाऱ्याचे नाव तमाशाच्या फडावरून पुकारले जाई तेव्हा त्या माणसाची मान कशी ताठ होई, हे तुम्हाला मी काय सांगावे? पुढे जगभर पसरलेल्या रॅपची सुरुवात या नावे पुकारण्यात आहे.

ही मुले कोणत्या हालात वाढली तेही सांगायला हवे. १९४८ ते १९७२ या काळात ब्रॉन्क्सच्या मध्यातून एक रुंद महामार्ग काढला गेला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. त्यानंतर घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, विम्याच्या पैशांसाठी आगी लावल्या गेल्या, अग्निशमन केंद्रे बंद केली गेली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत इथल्या जनगणनेच्या सात विभागांत ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओसाड पडून गेल्या. अशा जागी मुलांजवळ वाद्ये कुठून येणार? त्यांच्या हाताशी होत्या त्या आईबापांच्या रेकॉर्डी आणि टाकून दिलेली यंत्रे.

जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, याच्याविषयी वाचताना मला तुमच्या बॅण्डच्या खोलीतला तो कोपरा आठवला, जिथे मी अँप्लिफायर उघडून बसत असे आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत. फ्लॅशचा जन्म बार्बाडोसचा, वाढ ब्रॉन्क्सची. लोकांनी फेकलेले रेडिओ उघडून पाहण्याचा त्याला नाद होता, आणि पुढे तो तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. हर्कचा तुकडा कधी अलीकडे कधी पलीकडे पडतो, ताल तुटतो, हे त्याला खटकत होते. सुई नेमकी कुठे टेकवायची हे कळावे म्हणून त्याने रेकॉर्डवर खडूच्या रंगीत कांडीने खूण करायला सुरुवात केली. मग ती खूण घड्याळाच्या काट्यासारखी डोळ्यांपुढे ठेवून रेकॉर्ड किती फेरे मागे फिरवली म्हणजे तुकडा पुन्हा पहिल्यापासून येतो, हे तो मोजू लागला. पण रबरी गादीवर रेकॉर्ड मागे ओढली की खालची तबकडीही अडखळत असे. यावर त्याने फेल्टचे, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाचे, गोल तुकडे कापले, खळ फवारून इस्त्रीने ते कडक केले आणि रबराच्या जागी घातले. आता तबकडी खाली फिरत राही आणि रेकॉर्ड मात्र हाताच्या बोटांवर थांबे. दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनात ऐकता यावी म्हणून त्याने मिक्सरला, म्हणजे दोन्ही रेकॉर्डींचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राला, एक खटका जोडून घेतला. जिभाऊ, धाकट्याच्या मिक्सरवर हेडफोनचे जे बटण आहे त्याच्यामागे या माणसाची रात्रंदिवसाची खटपट आहे. वादक म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

फ्लॅशच्या जोडीदाराचा धाकटा भाऊ थिओडोर. १९७५ च्या सुमारास, बारा-तेरा वर्षांचा असताना, तो खोलीत मोठ्याने गाणी वाजवत होता. आई आवाज कमी कर म्हणून दटावायला आली, तेव्हा त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि आईचे बोलणे होईपर्यंत तो ती नकळत मागेपुढे करत राहिला. हेडफोनात त्याला जो घर्रर्र आवाज आला तो त्याने सोडून दिला नाही. पुढे कित्येक महिने सराव करून त्याने तो तालात बसवला आणि मगच लोकांपुढे आणला. आज त्याला स्क्रॅच म्हणतात आणि ग्रँड विझर्ड थिओडोर हे नाव डीजे मंडळी कानाच्या पाळीला हात लावून घेतील अशा योग्यतेचे आहे.

उन्हाळ्यात ही मुले बागेत वाजवत. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचे झाकण उघडून वीज घेतली जाई. आपल्याकडचा आकडा म्हणा ना. १३ जुलै १९७७ च्या रात्री सगळे शहर अंधारात गेले, दुकाने फुटली, आणि त्यानंतर ब्रॉन्क्समध्ये डीजे एकाएकी वाढले असे त्या पिढीतले लोक स्वतःच सांगतात. ही गोष्ट खरी असली तरी तीच रंगवून सांगणे मला पटत नाही, कारण चोरीच्या यंत्राने कोणाला हात येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या पाच-सहा वर्षांत मान होता तो डीजेचा. हँडबिलावर त्याचे नाव मोठे, माइकवाल्यांचे त्याखाली. लोक त्याच्या नावावर येत. पण हे सगळे समोर घडत होते. रेकॉर्ड कोणाचीच नव्हती. १९७९ साली शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एका कंपनीने तीन तरुणांना गोळा करून 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढली, आणि ती देशाच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंत गेली. त्या रेकॉर्डमध्ये डीजे नव्हता. एका गाजलेल्या गाण्याचा ताल स्टुडिओतल्या वादकांनी पुन्हा वाजवला होता. ज्याच्या भोवती सगळा मेळा भरत होता तोच माणूस पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डमधून वगळला गेला, आणि ज्यांनी बागांमध्ये रात्री जागवल्या होत्या त्यांना आपले काम परक्यांच्या तोंडून रेडिओवर ऐकावे लागले. ग्रँडमास्टर कॅझची हकिगत तर जिवाला लागते. गाणाऱ्या तिघांपैकी एकाने त्याची कवनांची वही मागून नेली होती आणि त्यातले शब्द जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरे सोडवून सांगणारी ओळसुद्धा त्या रेकॉर्डवर तशीच राहिली. कॅझला ना श्रेय मिळाले ना मोबदला.

हर्कची रेकॉर्ड त्या काळात निघालीच नाही. १९७७ साली एका कार्यक्रमात भांडण सोडवायला गेला असता त्याला भोसकले गेले, आणि तो मागे पडला. २०२३ साली, पन्नास वर्षांनी, त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतले गेले. डिस्को किंग मारिओच्या वाट्याला तेही आले नाही. ब्रॉन्क्सडेल वसाहतीत त्याचा दबदबा होता, इतरांना तो आपली यंत्रे वापरायला देत असे, आणि १९९४ साली तो गेला. काउबॉय नावाचा फ्लॅशचा साथीदार, ज्याच्या एका हाकेवर सगळा जमाव हात वर करीत असे, तो १९८९ साली तिशीही न गाठता गेला. शा-रॉक या मुलीने मुलांच्या टोळीत माइक हाती धरला आणि १९८१ साली तिचा संच देशभरच्या दूरचित्रवाणीवर दिसला. तरी आज दहाजणांना विचारले तर तिचे नाव एकाला ठाऊक असेल.

मग ही नावे आज मला कशी कळली? कागदांमुळे आणि कॅसेटींमुळे. कार्यक्रम चालू असताना कोणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवी, आणि त्या टेपांच्या नकला हातोहात, टॅक्सीवाल्यांपर्यंत जात. बडी एस्क्वायर नावाचा तरुण हाताने अक्षरे रेखून हँडबिले करी: कोण वाजवणार, कोण बोलणार, जागा कोणती, दर किती, कोणत्या बसने यावे. लोक ती वाचून फेकून देत. ज्यांनी फेकली नाहीत त्यांच्यामुळे २००७ साली कॉर्नेल विद्यापीठाने हिप-हॉपचा संग्रह उभारला, आणि आज अभ्यासक ते कागद जपून पाहतात. कोणत्या रात्री कोण कोणाबरोबर वाजवत होते हे ठरवायला त्यांच्याइतका दुसरा पुरावा फारसा नाही. इथल्या फोर्डहॅम विद्यापीठाने २००२ पासून ब्रॉन्क्समधल्या जुन्या माणसांसमोर बसून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत, त्यांतही कित्येक वादक आहेत.

हे परक्या मुलखाचे झाले असे आपण म्हणाल. पण आपल्या आसोद्याच्या लेकीचे, बहिणाबाईंचे, काय झाले होते? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने आणि नात्यातल्या माणसाने त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या नसत्या, तर १९५१ साली त्यांच्याबरोबर सारे गेले असते. टिपलेले होते म्हणून अत्र्यांपर्यंत पोचले आणि १९५२ साली छापले गेले. खान्देशातल्या वही नावाचा लोकगीतप्रकार गाणाऱ्यांचे, तगतरावावर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या गाड्यावर, उभे राहून नाचगाणे करणाऱ्यांचे, तुमच्या बरोबरीच्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांचे कोणी टिपले? आज अहिराणी गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या चालींपैकी कितीतरी तुमच्या पिढीने लग्नाच्या मांडवात वाजवून वाजवून लोकांच्या कानात बसवल्या, आणि त्याची नोंद तुमच्या माळ्याखेरीज फार थोड्या ठिकाणी असेल.

म्हणून हात जोडून विनंती आहे. सुपाऱ्यांच्या वह्या अजिबात देऊ नयेत. त्यांत गाव, तारीख, ठरलेली रक्कम आणि वादकांना दिलेली रोजी लिहिलेली असणार. सखाराम महाराजांच्या यात्रेची हँडबिले सपाट ठेवावीत, घडी घालू नये, चिकटपट्टी लावू नये. कॅसेटी धाकट्याच्या स्पीकरच्या पेट्यांजवळ मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांतल्या लोहचुंबकाने आवाज पुसला जातो. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची चौकटे मोडून टाकावीत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. लावण्याआधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवावी, आणि पहिल्यांदा वाजवतानाच धाकट्याने ती लॅपटॉपवर उतरवून घ्यावी. जुनी पट्टी दुसऱ्यांदा वाजेलच असे नाही. अडकली तर ओढू नये, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवावी.

त्याहून महत्त्वाचे काम तुमचे आहे. धाकट्याला समोर बसवून एकेक कॅसेट ऐकावी आणि कोणता आवाज कोणाचा ते सांगावे. पारोळ्याहून येणारे ते उंच क्लॅरिनेटवाले कोण होते, ज्यांचा सूर वेशीपासून ओळखू येई? बेंजो पहिल्यांदा बॅण्डमध्ये कोणी आणला, आणि तेव्हा जुन्या वादकांनी कुरकुर केली होती ती कशावरून? लाऊडस्पीकरचे कर्णे सायकलवर बांधून खेडोपाडी नेणारे आणि माइकवरून बक्षिसे पुकारणारे गृहस्थ कोणत्या गावचे? वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायांची नावे वहीत नसतील. काकूंना आठवत असतील तर त्यांनी जरूर सांगावीत, आणि कानबाईच्या रात्री गाणी उचलून धरणाऱ्या बायांचीही. नाव आठवले नाही तर नुसते गाव लिहावे, वाद्य लिहावे. धाकट्याने ते दुरुस्त न करता, तुम्ही जसे अहिराणीत बोलाल तसेच्या तसे उतरवावे.

घर उतरवण्याआधी मला सुट्टी मिळणे कठीण दिसते. फेब्रुवारीत, लग्नसराई भरात येण्यापूर्वी, येण्याचा विचार आहे. तोवर पेटी आत्याकडे चोपड्याला ठेवता येईल, मी तिच्याशी बोललो आहे. पहिल्या दहा कॅसेटींची यादी झाली की धाकट्याने फोटो काढून पाठवावा. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक पुतण्या