आधी अर्थिंग बघ

परभणी, १४ मे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

प्रयोगशाळेच्या नूतनीकरणाचा आराखडा वाचला. टाइल्स, फॉल्स सीलिंग, नवा स्पेक्ट्रोमीटर, सगळं आलंय. अर्थिंग मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत, ‘आवश्यकतेनुसार’. गड्या, घोडं तिथंच पेंड खाईल.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भेग अर्थिंगच्या खड्ड्यातल्या रॉडला लागून पडली की माती धातूपासून सुटते. म्हणून सप्टेंबरात १ ओहम रोध दाखवणारा खड्डा मेमध्ये कितीतरी वर जातो, म्हणजे बिघडतो. मोजणी याच महिन्यात करून घे, पावसाळ्यानंतरच्या आकड्यावर बिल पास करू नकोस. खड्ड्यात मीठ-कोळसा नको, मीठ धुपून जातं आणि जाता जाता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं. तांब्याचा मुलामा दिलेले ३ मीटरचे रॉड भेगांच्या खाली मुरमात उतरव. कातळ लागला तर आणखी खोल जाऊ नकोस, कोरडा बेसाल्ट वीज जिरवत नाही. त्यापेक्षा ६-६ मीटरवर चार रॉड ठोकून पट्टीने जोड. खड्डा ओला राहावा म्हणून एसीचं पाणी त्यात सोडा म्हणतील, पण आपल्याकडे मेची हवा इतकी कोरडी की एसी ठिबकतच नाही!

स्पेक्ट्रोमीटरच्या कंपनीचा माणूस उपकरणाला ‘वेगळं’ अर्थिंग मागेल. खड्डा वेगळा चालेल, पण मुख्य अर्थ-पट्टीला तो जोडलाच पाहिजे. नाहीतर वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की दोन खड्ड्यांतला व्होल्टेजचा फरक थेट उपकरणाच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर निघतो. न्यूट्रल आणि अर्थच्या तारांमध्ये २ व्होल्टच्या वर दिसलं, तर आधी न्यूट्रलची ढिली जोडणी तपास.

दुसरी गोची फ्यूम हूडची, म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची. दीड मीटर रुंद हूड, काच अर्धा मीटर वर, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे तासाला १३५० घनमीटर हवा बाहेर. तुझी खोली ६ बाय ५ बाय ३, म्हणजे ९० घनमीटर. एक हूड तासात १५ वेळा खोली रिकामी करणार, आणि तुम्ही दोन बसवताय. तेवढी हवा आत यायची सोय कुठंय? मग दार जड होतं, हूड ओढत नाही, फटींतून गरम वारा शिरतो आणि एसी हात टेकतो. हूडचा डक्ट पीपीचा (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा) घे, जीआय आम्लाच्या वाफांनी पोखरतो.

बोअरचं जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरशिवाय आरओला देऊ नकोस. आणि उपकरण थंड ठेवणारा, थरथरणारा चिलर सूक्ष्म वजनकाट्याच्या स्लॅबवर नको. औंढ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची, जागा ठरवताना जमिनीची कुजबुजसुद्धा मोजली होती; तू निदान चिलरखाली रबरी पॅड तरी टाक.

अर्थ टेस्टरचे आकडे आले की कळव. तात्यांना नमस्कार.

तुझा,
मधू