पंचगंगेचा पूर आणि ग्राफिक्स कार्ड

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

मुलांच्या खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर नदीच्या पुराचे गणित कसे होते, हा बाबांचा प्रश्न फोनवर उलगडून सांगण्यासारखा नव्हता. त्यावर ‘आलेले उत्तर बरोबर आहे हे तुम्हांला कळते कसे?’ असे आईने जे विचारले, ते तर त्याहूनही मुळातले होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. इथे पुण्यात संस्थेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी हाच विषय शिकवते. त्यांना पहिल्याच तासाला प्रोग्रॅम लिहायचा असतो. तुम्हांला सांगताना मात्र मला गणितापासून सुरुवात करता येते, आणि या विषयाची खरी सुरुवात तिथेच आहे असे माझे मत आहे.

पंचगंगेवर प्रयाग चिखलीच्या संगमापासून खाली, कोल्हापूर शहर आणि भोवतालची गावे धरून, २० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असा एक आयत घ्या आणि त्याचे १० मीटर बाजूचे चौकोन पाडा. एकूण ३० लाख चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी जमिनीची उंची, पाण्याची खोली आणि दोन दिशांनी वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण असे चार आकडे ठेवायचे. उथळ पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे सँ-व्हनाँ या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये मांडली. त्यांच्या आधारे, एखाद्या चौकोनात पुढच्या क्षणी किती पाणी असेल हे तो चौकोन आणि त्याला लागून असलेले चार शेजारी एवढ्यांवरूनच ठरवता येते. मात्र तो ‘पुढचा क्षण’ आपल्या मर्जीने लांब धरता येत नाही. एका पावलात पाण्याची लाट एका चौकोनाच्या पलीकडे जाता कामा नये, ही अट कूरांट, फ्रिड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये दाखवून दिली. पाणी १० मीटर खोल असेल तर त्यातली लाट सेकंदाला साधारण १० मीटर जाते. नदीचा स्वतःचा वेग २ मीटर धरला, तर आपले पाऊल ०.८ सेकंदाच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे पुराचा एक दिवस मोजायला १ लाख ८ हजार पावले, आणि प्रत्येक पावलाला ३० लाख चौकोन. गल्ल्या अधिक स्पष्ट दिसाव्यात म्हणून चौकोन ५ मीटरचा केला, तर चौकोन चौपट होतात, पावले दुप्पट होतात आणि काम आठपट वाढते.

आता या कामाचा स्वभाव पाहा. पावले एकामागून एकच टाकावी लागतात, त्याला इलाज नाही. पण एकाच पावलातले ३० लाख हिशेब एकमेकांसाठी खोळंबून राहत नाहीत, कारण प्रत्येकाला लागतात ते मागच्या पावलाचे आकडे. पडद्यावरचे चित्र रंगवण्याचे कामही नेमके असेच असते: लाखो ठिपके, प्रत्येकाचा रंग वेगळा, पण तो काढण्याची रीत एक. त्या कामासाठी घडवलेल्या चिपमध्ये म्हणूनच अतिशय हुशार असे थोडे गणक नसतात, तर साधे गणक हजारोंच्या संख्येने असतात. २०२० साली आलेल्या एन्व्हिडिया कंपनीच्या ए-१०० या कार्डात ते ६,९१२ आहेत. शास्त्रज्ञांच्या हे आधीच लक्षात आले होते, पण सुरुवातीला त्यांना आपले गणित चित्र असल्याचे सोंग देऊन कार्डाला द्यावे लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठात इयान बक यांनी ‘ब्रूक’ ही भाषा तयार करून २००४ च्या सुमारास यातून वाट काढली. पुढे ते एन्व्हिडियात गेले आणि २००७ मध्ये कार्डासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची ‘कूडा’ ही प्रणाली लोकांच्या हाती आली. आज तिच्या जोडीला एएमडीची ‘हिप’ आहे, कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालावी म्हणून केलेली ‘ओपनसीएल’ आहे. मूळ विचार सगळीकडे एकच आहे.

तो असा. एका चौकोनाचा हिशेब करणारे छोटे फंक्शन लिहायचे. त्याला कर्नल म्हणतात. मग कार्डाला सांगायचे की हे ३० लाख वेळा चालव. प्रत्येक वेळच्या चालण्याला थ्रेड म्हणतात, आणि थ्रेडचे गट करतात त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये २५६ थ्रेड ठेवले तर ११,७१९ ब्लॉक लागतात. थ्रेडला आपण कोणता चौकोन सांभाळायचा हे कोणी वेगळे सांगत नाही. आपल्या ब्लॉकचा क्रमांक गुणिले २५६ अधिक ब्लॉकमधला स्वतःचा क्रमांक, हे करून तो ते स्वतःच काढतो. आई, तू गुणाकार करून पाहिलास तर तुला ३०,००,०६४ मिळतील, म्हणजे ६४ थ्रेडना चौकोनच नाही. म्हणून कर्नलच्या पहिल्याच ओळीत ‘तुझा क्रमांक ३० लाखांच्या आत असेल तरच पुढे जा’ अशी अट घालावी लागते. ती राहून गेली तर ते ६४ थ्रेड भलत्याच जागेवर लिहितात. कधी प्रोग्रॅम बंद पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी तो बंद न पडता चुकीचे उत्तर देतो. दुसरी दक्षता अशी की सर्वांनी मागच्या पावलाच्या तक्त्यातून वाचायचे आणि नव्या पावलाच्या वेगळ्या तक्त्यात लिहायचे. एकाच तक्त्यात खोडून लिहिले, तर कोणत्या शेजाऱ्याचा आकडा जुना आणि कोणाचा नवा हे थ्रेड कोणत्या क्रमाने चालले यावर ठरते, आणि त्या क्रमाची हमी कार्ड देत नाही.

इथपर्यंत शिकायला मुलांना फारसा वेळ लागत नाही. खरे शिक्षण यानंतर सुरू होते, आणि तिथे मला बाबांच्या नोकरीची फार आठवण होते. बाबा, तुम्ही साखर कारखान्याच्या शेती विभागात असताना सांगायचात की कारखान्याची गाळप क्षमता कागदावर कितीही असो, तोडणी टोळ्यांची आणि वाहनांची आखणी चुकली की गव्हाण रिकामी पडते आणि सगळी यंत्रे उभी राहतात. ग्राफिक्स कार्डाचे हुबेहूब तसेच आहे. गणक म्हणजे चरक, आणि मेमरीतले आकडे म्हणजे ऊस. ए-१०० कार्ड ८ बाइटच्या आकड्यांवर सेकंदाला ९.७ लाख कोटी क्रिया करू शकते, पण त्याची मेमरी त्याच सेकंदात १,५५५ गिगाबाइट एवढाच माल देते. प्रत्येक आकडा ८ बाइटचा, असा भागाकार केला तर निष्कर्ष निघतो की आणलेल्या प्रत्येक आकड्यावर सुमारे ५० क्रिया झाल्या तरच गणकांना पूर्ण काम मिळते. मेमरीतून एक आकडा यायला गणकाच्या घड्याळाचे शेकडो ठोके जातात. तेवढ्या वेळात गणक बसून राहू नयेत म्हणून ए-१०० एका वेळी २ लाख २१ हजारांपर्यंत थ्रेड हजर ठेवू शकते, म्हणजे एका गटाचा माल वाटेत असला तर दुसऱ्या गटाचा गाळपाला तयार असतो. तुमच्या यार्डात गाड्यांची रांग ठेवण्यामागचे कारण याहून वेगळे नव्हते.

आपल्या पुराला हे लावून पाहू. एका चौकोनासाठी कमीत कमी चार आकडे वाचायचे आणि तीन लिहायचे, म्हणजे ५६ बाइट; ३० लाख चौकोनांचे १६८ मेगाबाइट. ए-१०० च्या मेमरीला एवढी ने-आण करायला ०.११ मिलिसेकंद पुरतात. पण कार्ड आणि संगणकाची मुख्य मेमरी यांच्यामधला रस्ता अरुंद आहे, सेकंदाला फार तर ३२ गिगाबाइटांचा. कोणी प्रत्येक पावलाला पाण्याचे तक्ते मुख्य मेमरीतून कार्डावर नेले आणि हिशेब झाला की परत आणले, तर नुसत्या वाहतुकीला साडेचार मिलिसेकंद लागतात, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या चाळीसपट. म्हणून सगळे आकडे एकदाच कार्डावर न्यायचे, लाखभर पावले तिथेच टाकायची, आणि नकाशा हवा असेल तेवढ्याच वेळा परत आणायचे. मी नव्या मुलांना कार्डात किती गणक आहेत हे शेवटी सांगते. आधी त्यांच्याकडून ही वाहतूक कागदावर मोजून घेते. ज्याला ती मोजता आली त्याला बाकीचे येते, असा माझा पक्का विश्वास आहे.

कार्ड साध्या संगणकाच्या हजारपट वेगाने काम करते अशा जाहिरातींचीही याच हिशेबाने परीक्षा होते. दोन वाटांची डीडीआर-४ मेमरी असलेला नेहमीचा संगणक सेकंदाला ५१ गिगाबाइट माल हलवू शकतो. कार्ड त्याच्या तीसपट हलवते, तेव्हा आपल्या पुरासारख्या कामात प्रामाणिक अपेक्षा तीसपटीच्या आसपासचीच ठेवावी. एवढा फरकही लहान नाही.

मेमरीतल्या मांडणीलाही महत्त्व आहे. कार्डावर ३२ थ्रेड एका हुकमाने चालतात. त्या तुकडीला वॉर्प म्हणतात. त्या ३२ जणांना लागणारे आकडे मेमरीत सलग असतील तर ते मोजक्या खेपांत येतात, विखुरलेले असतील तर खेपा अनेक होतात. म्हणून एका चौकोनाचे चार आकडे एकत्र ठेवण्याऐवजी सगळ्या चौकोनांची खोली एका तक्त्यात, सगळ्यांची उंची दुसऱ्या तक्त्यात, असे ठेवतात. शिवाय हुकूम एकच असल्यामुळे वॉर्पमधले काही चौकोन कोरडे आणि काही पाण्याखाली असले, तर दोन्ही प्रकारच्या सूचना पूर्ण वॉर्पला एकामागून एक पार पाडाव्या लागतात, आणि ज्यांचा त्या सूचनेशी संबंध नाही ते थ्रेड तेवढा वेळ गप्प राहतात. पुराच्या कडेवर हे सतत घडते, आणि आपल्याला नेमकी त्या कडेचीच काळजी असते.

आता आईचा प्रश्न. संगणकातल्या दशांश संख्यांना ठरावीकच अंक मिळतात, त्यामुळे तू वर्गात शिकवलेला बेरजेचा साहचर्य नियम इथे मोडतो. ८ बाइटच्या संख्येत १ वर सोळा शून्ये एवढ्या आकड्यात १ मिळवला तर तो नाहीसा होतो. मग तो मोठा आकडा वजा केला की शून्य उरते, आणि आधी वजाबाकी करून नंतर १ मिळवला तर १ उरतो. हजारो थ्रेड मिळून पाण्याची एकूण बेरीज करतात तेव्हा बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. पण ४ बाइटच्या संख्या वापरल्या तर गोष्ट गंभीर होते. खेळांच्या कार्डांचा भर त्यांच्यावरच असतो. अलीकडच्या अशा अनेक कार्डांत ८ बाइटच्या क्रियांचा वेग ४ बाइटच्या वेगाच्या चौसष्टावा भाग असतो, त्यामुळे ४ बाइटचा मोह मोठा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. खोलीऐवजी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजून साठवली, तर त्या उंचीच्या आकड्याला ४ बाइटमध्ये ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी तासाला एक इंच चढत असेल, तर आपल्या ०.८ सेकंदाच्या पावलात ते ०.००५६ मिलिमीटर चढते. म्हणजे प्रत्येक पावलाला मिळवलेली वाढ गोल करताना शून्य होते, आणि प्रत्यक्षात नदी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जात असताना पडद्यावरची नदी तसूभरही हलत नाही. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार करत नाही. यावर उपाय म्हणजे पातळीऐवजी खोली साठवायची आणि जिथे बारीक वाढ मिळवत जायची तिथे ८ बाइट वापरायचे. मग एकूण पाण्याचा ताळा घ्यायचा: जेवढे आत आले त्यातून जेवढे बाहेर गेले ते वजा करून, उरेल तेवढेच पाणी चौकोनांत वाढलेले दिसले पाहिजे. हा ताळा प्रत्येक वेळी घेतल्याशिवाय आम्ही उत्तरावर सही करत नाही.

जुने प्रोग्रॅम कार्डावर नेणे हा वेगळा विषय आहे. हवामानाचे बहुतेक मोठे प्रोग्रॅम फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहेत, ते पुन्हा लिहायला वर्षे जातात. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने ते कष्ट घेतले आणि २०१६ पासून त्यांचा रोजचा अंदाज ग्राफिक्स कार्डांवर निघू लागला. असे काम अर्धवट करून चालत नाही, कारण जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवले आहे की कामाचा ५ टक्के भाग एकामागून एक करावा लागत असेल, तर बाकीचा कितीही वेगाने झाला तरी एकूण वेग वीसपटीच्या पुढे जात नाही.

आता हा वेग कशासाठी हवा ते लिहिते, कारण त्यात मला तुमची मदत लागणार आहे. पाणी जमिनीवरून जाताना किती अडते हे मॅनिंगच्या गुणांकाने सांगतात. डांबरी रस्त्याचा गुणांक लहान, उभ्या उसाचा खूप मोठा, आणि पंचगंगेच्या दोन्ही काठांना तर उसाशिवाय दुसरे फारसे काही नाही. तोडणी झालेल्या रानाचा आणि ऑगस्टमधल्या उंच उसाचा नेमका आकडा कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. तो वेगवेगळा धरून पूर पुन्हा पुन्हा चालवायचा आणि प्रत्यक्ष पुराशी कोणता जुळतो ते पाहायचे, हाच मार्ग आहे. पुराचा एक दिवस मोजायला वरच्या हिशेबाने साध्या संगणकाला निदान ६ मिनिटे आणि कार्डाला १२ सेकंद लागतात. खऱ्या प्रोग्रॅमला दोन्हीकडे याहून बराच अधिक वेळ लागतो, पण शंभर वेळा चालवून पाहणे कार्डावरच परवडते.

जुळवायला मात्र प्रत्यक्ष खुणा लागतात. बाबा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या गटातल्या कोणत्या गावाच्या कोणत्या रानात पाणी उसाच्या किती उंचीपर्यंत चढले होते आणि ते किती दिवस राहिले, हे तुम्हांला आणि तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना जितके ठाऊक आहे तितके कोठेही नोंदलेले नाही. गावाचे नाव, रानाची जागा सांगणारी एखादी ओळखीची खूण, पाण्याची उंची फुटांत आणि तारीख, एवढे वहीत लिहून ठेवावे. जिथे आठवण पक्की नसेल तिथे तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे त्या खुणेला हिशेबात कमी वजन देता येईल. आई, आपल्या गल्लीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते तू फूटपट्टीने मोजून त्याच वहीत टाकावेस, आणि शक्य झाल्यास शेजारच्या दोन-तीन घरांच्या पायऱ्याही मोजाव्यास. एकाच खुणेपेक्षा जवळजवळच्या तीन खुणा असल्या की उताराचाही ताळा घेता येतो.

तुमची,
धाकटी